तिसरा रकाना

दत्तवाडीतल्या शाळेचा तळमजला, खोली क्रमांक चार.
रविवारी दहा ते एक आम्ही बसतो तिथे,
सहावीच्या बाकांखाली गुडघे न मावता.
पगार नाही. पाटीही नाही.
पुण्यात राहून पाटी नाही, याचं हुमेराला अजून नवल वाटतं.
फक्त एक वही, लांबडी, किराणा दुकानातली,
तीन रकाने आखलेली:
कोण. काय अडलं. सुटलं?

तो आला पावणेएकला.
पंक्चरवाल्यापुढे टायर टाकावा
तसा लॅपटॉप टाकला बाकावर.
"चालत नाय. अर्जंट आहे."

हुमेरा बागवान सहा दिवस बँकेचे सर्व्हर सांभाळते,
सातव्या दिवशी आमच्यात येते.
तिने चष्मा वर सरकवला.
"काय चालत नाही?"
"काहीच."
"सुरू होतो?"
"होतो की."
"मग काहीतरी चालतंय."

मला हसू आलं, आणि लगेच ओशाळलो.
बावीस वर्षांपूर्वी एरंडवण्यात, दुसऱ्या मजल्यावर,
मीही असाच उभा होतो एका अनोळखी माणसाच्या दारात
त्याच्या जेवणाच्या वेळी,
"दोनच मिनिटं" म्हणत.
हात धुवून त्याने उत्तर नाही दिलं, कागद दिला.
काय काय केलंस ते क्रमाने लिही, म्हणाला.
चौथ्या ओळीवर माझी चूक मलाच दिसली
आणि मी जिना उतरलो,
आभार न मानता.
त्याचं वरण तोवर निवलं असणार.

"नाव?"
"प्रज्योत ओव्हाळ. भोसरी."
मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला.
काय करायला गेलास, काय व्हायला हवं होतं, काय झालं.
पडद्यावर दिसलं ते जसंच्या तसं लिही,
तुझा अंदाज नंतर.
त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं.
"तुम्हाला येत नाही का?"
"कधी कधी नाही येत," मी म्हटलं. खरंच होतं ते.

कुरकुरत लिहू लागला.
'आईच्या बचत गटाची यादी उघडली. एकवीस बायका.
मित्राने नवीन सिस्टीम टाकून दिली तेव्हापासून
नावांच्या जागी चौकोन येतात.
आकडे नीट दिसतात.
किती ते कळतं, कुणाचे ते कळत नाही.
उद्या हप्ता आहे.'

हुमेराने वाचलं. खुर्ची पुढे ओढली.
एक वाजून गेला होता,
शिपाई सोनावळे दारात किल्ल्या वाजवत उभे.
"हे आधी सांगायचंस की रे, राजा."
तिच्या आवाजात मघाचं काही उरलं नव्हतं.
"नावं कुठे गेली नाहीत. मराठीचा फॉन्ट नाहीये, बस.
हा टाक घरी. नाहीच जमलं
तर काय दिसतं ते लिहून आण."

गेला.
तिसरा रकाना आमचा बहुतेक कोराच असतो.
अडलेलं घेऊन माणसं सिंहगड रोडवरून येतात, वाघोलीहून येतात;
सुटलेलं सांगायला कोण कशाला रिक्षाचे पैसे घालवेल?
आणि मग तेच चौकोन घेऊन दुसरं कुणी आलं
की आम्ही पुन्हा श्रीगणेशा.

पुढच्या रविवारी दहा वाजून पाच मिनिटं.
दोन बस बदलून आलेला, हातात लॅपटॉप नाही.
"पुन्हा चौकोन?" हुमेराने विचारलं.
त्याने वही ओढली, आपली ओळ शोधली,
आणि तिसऱ्या रकान्यात मावेना म्हणून
समासात, वळवून वळवून लिहिलं:
'फॉन्ट टाकला तरी चौकोनच. बंद करून सुरू केला. आली.
पहिलं नाव शेवंता मोरे.
आई म्हणाली, हप्ता सगळ्यांनी भरलाय.'

मला वाटलं आता निघेल.
तो मात्र मागची पानं चाळत बसला,
दुसऱ्यांची अडलेली कामं, ओठ हलवत.
एका ओळीवर बोट थांबलं.
"हे मला येतं," म्हणाला.
मग जरा थांबून,
"म्हणजे... त्यांना आधी विचारावं लागेल,
पडद्यावर नक्की काय दिसतंय ते."