बाटली

अकलोलीच्या कुंडाला गंधकाचा वास येतो म्हणतात.
आम्हाला कधी आला नाही.
पिठात, वह्यांत, आईच्या पातळात तो इतका मुरलेला
की शाळेत मला उकडलेलं अंडं म्हणायचे.

सोमवारी पहाटे तीनला आई बोळा काढायची.
कुंड रिकामं होई, आणि ती उतरायची काथ्या घेऊन.
फटीतून पाणी लगेच परत निघालेलं,
घोट्याला, मग पिंढरीला.
चटका बसायच्या आत शेवाळ निघायला हवं.
या घाईला ती देवीची घाई म्हणे.

भिवंडीच्या गोदामावर रात्रपाळी करणारा टीकाराम पुन
शनिवारी आपले गुडघे घेऊन यायचा.
बुडवून ठेवायचा, आणि सांगायचा:
आमच्याकडे डोंगरात एकशेआठ तोट्या,
वर बर्फ वितळतं, खाली माणसं ओरडत पळतात
एकीखालून दुसरीखाली,
ओठ निळे, मंत्र अर्धाच.
आई विचारी, एवढ्या घाईत पाप धुतलं कसं जातं?
थंडीनं तेच पळतं, वहिनी.

एका वर्षी गावाहून येताना त्याने ते पाणी आणलं.
कोल्ड्रिंकची बाटली, बुचाला सुतळी.
गोरखपूर, कल्याण, मग वडाप.
हाताला लागलं तर कोमट.
कुंडात ओता, म्हणाला.
आईचा हात धजेना.
आतल्या आचेला राग आला तर?
गार पडलं कुंड, तर आम्ही खायचं काय?
बाटली गेली फळीवर, मिठाच्या बरणीमागे.

जत्रेत टँकर आला नाही.
चार कप चहा मी केला त्या पाण्याचा.
मीच. माहीत असून.
टीकारामने फुंकर मारत प्यायला,
अजून अर्धा आहे का, विचारलं.
आईने माझ्याकडे पाहिलं, मग फळीकडे,
आणि साखरेचा डबा जरा जोरात लावला.

पुढच्या सोमवारी, कुंड रिकामं असताना,
तिने तीच बाटली फटीला लावून भरली.
उष्णतेने प्लास्टिक आकसलं,
एका बाजूला कुबड आलं.
जाशील तेव्हा तिकडं ओत, म्हणाली.
बाकी काही सांगितलं नाही.
त्यानेही रिकामी कधी झाली ते विचारलं नाही,
टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली.

ओतली का, कळलं नाही. गोदाम बंद झालं त्याच साली.
तिथं पोचेपर्यंत गार झालंच असणार.
वास तेवढा
गेला नसेल.