पेव

हरिपुरात आता पेवं फारशी उरली नाहीत.
काही पुरात बसली, काही बुजवली,
एकावर पोरांनी बॅडमिंटनचं जाळं बांधलंय.

पौलस आवळे आणि मी संध्याकाळी संगमावर बसतो.
तो मिरजेच्या दवाखान्यात एक्स-रे काढून निवृत्त,
मी मार्केट यार्डात हळदीच्या पावत्या फाडून.

परवा तो म्हणाला, तारण.
मी म्हणालो, कशावर? किती टक्क्यांनी?
तीस वर्षं हा शब्द मी रबरी शिक्क्यानं उमटवला :
पोती अमुक, मुदत सहा महिने.
तो लगेच हसला नाही.
बरोबरच आहे की, म्हणाला,
कुणीतरी स्वतःला गहाण ठेवलं आमच्यासाठी.
कुणाकडे? मी विचारलं.
इथं तो गप्प.
मग त्यानं विचारलं, तुम्हाला सुटायचंच आहे,
तर दर श्रावणात संगमेश्वराला
'पुढच्या वर्षीही येऊ दे' कशाला?
इथं मी.
डास चावायला लागले की उठतो.

कॉलेजात परिसंवाद आहे पुढच्या महिन्यात,
'सर्व धर्म एकच सांगतात'.
दोघांनाही बोलावलंय.
पौलस म्हणतो, मी नाही येत.
एकच सांगत असते
तर इतकी वर्षं तू मला काय विचारत बसला असतास?

पेव उघडताना घाई करायची नाही.
तोंडावरची माती काढायची
आणि लांब सरकून बसायचं,
आत कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत.
मग दोरीला कंदील.
तो विझला, तर माणूस उतरवायचा नाही.

आमच्या पेवात उतरायचे ते पौलसचे वडील.
हळदीला त्यांचा हात चालायचा,
विहिरीवर मात्र ओंजळीत, वरून पाणी.
पौलसला ठाऊक आहे. मलाही.
आम्ही त्रैक्यावर बोललो, पुनर्जन्मावर बोललो,
यावर नाही.

काल त्याची नात रिबेका आणि आमची वेदांगी
वही घेऊन आल्या. शाळेचा प्रकल्प.
आत कोण उतरायचं? नाव सांगा.
येसबा, मी म्हणालो.
नंतरचे याकोब, पौलस म्हणाला, दोन्ही लिही.
आणि वर दोरी कोण धरायचं?
माझे वडील.
रिबेकानं लिहून घेतलं. मान वर केली.
म्हणजे ते दोघं मित्र होते?

पौलस नदीकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

थांब पोरी, म्हणालो.
सांगतो.
आधी थोडी हवा जाऊ दे.