गाळा नंबर सत्तावीस

दोन तराजूंच्या मध्ये पांढरी चादर बांधली,
सांगलीच्या मार्केट यार्डात, सौदे उठल्यावर.
चादर पांढरी राहिलीच नाही;
इथल्या हवेलाच हळद आहे.

माझा सातवा माहितीपट.
आधीचे सहा दिल्लीला, केरळला गेले,
शाली घेऊन परतले.
हा पहिल्यांदा बायजाक्काला दाखवायचा, एवढं ठरवलेलं.

पोत्यांवर बसून बायकांनी पाहिले
स्वतःचे हात, खोकला, मजुरीची चिठ्ठी.
टाळ्या नाहीत.
कुणीतरी शेंगा फोडत होतं.

मग बायजाक्का म्हणाली,
"बाई, सगळं खरं हाय.
पर त्या दिवशी कोंडाक्कानं मुकादमाची नक्कल केल्ती,
हसून हसून पोटात दुखाय लागलं,
तू बी कॅमेरा ठिवून खाली बसलीस,
ते कुठं गेलं?"

ते मीच कापलं होतं.
दुःखाच्या मध्ये येत होतं.

रात्री स्टँडवर वही काढली.
मुकादमाचं पोट, दातात धरलेली काडी,
नाव पुकारताना ताणलेला "ए"
आणि कोंडाक्काची कंबर,
जी दुखते असं मी निवेदनात तीनदा म्हटलंय,
ती कशी झोकात वळली होती.

पहिलं वाक्य चारदा खोडलं.
अंगठ्यानं पान पिवळं झालं.
साडेनऊची विट्याची गाडी लागली, भरली,
जाऊ दिली.