तेरा भाग

तीन तास अकरा मिनिटांचं लग्न.
कॅसेटवरून डीव्हीडी, डीव्हीडीवरून पेनड्राइव्ह.
वाशीच्या दुकानदाराने साडेसातशे घेतले
आणि वर म्हणाला, बुरशी होती, नशीब समजा.

बाबांच्या चॅनेलवर एका वेळी पंधराच मिनिटं चढतात.
जास्त हवी तर नंबरची खात्री करा, म्हणतं.
ओटीपी जातो बाबांच्या नंबरावर,
जो आम्हीच बंद केला, वर्षश्राद्ध झाल्यावर,
महिन्याचे एकशे एकोणऐंशी वाचवायला.
आता तो पनवेलला कुणाकडे तरी आहे.
मी एकदा लावला. बाई म्हणाली, राँग नंबर.
बरोबरच होतं तिचं.

दुसरं चॅनेल काढ, असं प्रणाली म्हणाली नाही.
मस्कतहून एवढंच आलं: त्यांच्याच पानावर टाक,
खाडीतल्या निवट्यांच्या त्या व्हिडिओखाली.

म्हणून कात्री.
बारा भाग पंधराचे, तेरावा अकराचा, हिशेब सोपा.
पहिल्याच फटक्यात सुदाममामाचा घास गेला:
भाग एकमध्ये तो लाडू उचलतो,
भाग दोनमध्ये नुसताच चावतो.
मग प्रत्येक भागाला मागची दहा सेकंदं जोडली,
शिवणीत कापड आत सोडतात तेवढी.
आता मामा तोच लाडू दोनदा खातो.
साखरेनेच गेला माणूस.
खाऊ दे.

पंगतीचीच वीस मिनिटं आहेत.
हॅलोजन अंगावर आला की जो तो चावायचा थांबतो,
पुढे सरकला की पुन्हा सुरू.
मागे एक पोर सगळ्या भागांत नाक पुसतंय.
तो मी नव्हे, मी जन्मलोच नव्हतो.
तरी आई म्हणते, तुझ्यासारखाच दिसतो.

अडलं सातव्यात.
चांगुणाबाय धवलारीण मांडवाच्या खांबाशी बसते,
पदर सारखा करते, आणि धवला उचलते.
बावीस मिनिटं.
आवाजाची निळी रेघ मोठी करून पाहिली,
श्वासाची फट सापडते का कुठे,
तिथे कापलं तर कुणाला कळणार नाही.
फटच नाही.
ती श्वास घेते तेव्हा शेजारच्या दोघी सूर धरतात,
त्या थकल्या की ती.
दीड वाजेपर्यंत मी ती रेघ
पुढे-मागे, पुढे-मागे.

सकाळी गेलो तिच्याकडे.
आता नातवाच्या सहाव्या मजल्यावर असते,
घणसोली गावातच, पण लिफ्टने.
खिडकीखाली जिथे तिच्या भावाचं शेत होतं
तिथल्या काचांवर ऊन येतं, डोळे मिटून बोलते.
मोबाइलवर स्वतःला ऐकलं अर्धं मिनिट,
म्हणाली, घसा बसला व्हता त्या दिशी.
मग म्हणाली,
काप ना. आमची लाइट जायाची तवा काय करायचो?
मांगच्या दोन वली परत घ्यायच्या नि फुरं जायाचं.
पन नवरीचं नाव निंगतं तिथं तोरू नको.
पोर बसलीय ना पाटावर.

घरी येऊन पाहिलं.
आईचं नाव निघतं चौदा बावन्नला,
अर्ध्यावर असतानाच माझी रेघ आली असती.
तेरा चाळीसवर आणली.
बाकी सगळे भाग त्यामुळे सरकले,
चौदा झाले. मथळा आधी लिहिला होता, तसाच ठेवला.

रात्रभर चढत होते,
एक अडकला बासष्ट टक्क्यांवर, एक आपोआप दोनदा गेला.
सकाळी प्रणालीने पाहिलं ते उलटसुलट:
आधी अक्षता, मग हळद, मग मुलगी बघायला आलेली गाडी.
ड्युटीवर निघताना तिने विचारलं,
बाबा बोलतात का कुठे?

दहाव्यात, म्हटलं.
चार सेकंदं. कॅमेरावाल्याला.
लाइट तिकडं मार, ती जेवते आहे.