फळी धुतलेलं पाणी

चेर्नो यूनुसांनी पुलार बोलीत
पहिल्यांदा कयामत लिहिली
तेव्हा शाई मी घोटली होती.
काजळी, बाभळीचा डिंक,
आणि माझ्या हातून जरा जास्तच पडलेलं पाणी.
अक्षरं अरबीच होती,
पण त्यांच्या पोटात आमची गुरं हंबरत होती.

लाबेच्या मशिदीतले वडीलधारे भडकले.
अल्लाची गोष्ट
शेणानं भरलेल्या तोंडी घालता?
चेर्नो वाद घालत बसले नाहीत.
एवढंच म्हणाले, तीस वर्षं यांना अरबीत हाका मारतोय.
माना डोलावतात, आमीन म्हणतात,
कूस बदलून झोपतात.

त्या रात्री आम्ही दुदाल पेटवला,
शिकायची आग ती, भोवती फळ्या घेऊन बसायचं.
दही विकून परतणारी दालांदा
डोक्यावरचं भोपळ्याचं भांडं न उतरवता
कुंपणापाशी थांबली.
चेर्नो वाचत होते:
त्या दिवशी आई लेकराला झिडकारील,
आटलेली गाय
वासराला लाथ मारते तशी.

"तसं नसतं,"
काळोखातून आवाज आला.
"आटलेली गाय लाथ मारत नाही.
वासरू ढुशा देत राहतं.
ती उभी असते नुसती,
दुसरीकडे बघत."

ओंडका तडकला. ठिणग्या उडाल्या.
एवढ्या मोठ्या आलिमाला
आजवर कुणी अडवलं नव्हतं.
बाईनं तर नाहीच.
त्यांनी फळी माझ्यापुढे सरकवली.
म्हणाले, पूस.

नवी ओळ त्यांनी तीनदा वाचली.
तिसऱ्यांदा दालांदानं भांडं खाली ठेवलं
आणि जमिनीवरच बसली.
गोवरात गेलेली तिची दोन पोरं
आम्हा सगळ्यांना माहीत होती.
ती कुठे बघत होती त्या वेळी,
ते कुणी विचारलं नव्हतं.

पावसाळा संपेतो ती ओळ
लोणी काढणाऱ्या बायकांच्या हातात गेली,
घुसळण्याच्या तालावर चढली.
मग त्या यायला लागल्या, एकेक, संकोचून:
वुजू नीट कसा करायचा? नमाजात आपण बोलतो काय?
भडकलेल्यांतले एक म्हातारे
ओढा ओलांडताना दिसले मला.
ओठ हलत होते.
अरबी नव्हती ती.

पुसलेल्या ओळीचं पाणी
टाकायचं नसतं, म्हणून मी प्यायलो.
कडवट, धुराच्या वासाचं.
चेर्नो गेले. दालांदाही गेली.
लाथ मारणारी ती गाय
अजून माझ्या पोटात आहे.