तेरावा महिना

जिम्माच्या दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डाला लागून
पूर्वी जिथे सलाइनच्या बाटल्या ठेवत
त्या खोलीत नेब्यात बसली आहे,
पाय खुर्चीवर, शाल गुडघ्यांवर.
मी नुसता बघ्या, सर्व्हरची डिस्क बदलायला आलेला.
पडद्यावर लाल ओळ:
महिना एक ते बारा यांमधलाच हवा.

कुणी लिहिली असेल?
कुठल्याशा दूरच्या शहरात, कुणा भल्या माणसानं,
ज्याच्या भिंतीवर बारा पानांचं कॅलेंडर होतं
आणि शंका यावी असं काही घडलं नव्हतं.

इथे महिने तेरा.
बारा तीस-तीस दिवसांचे, कुणाला कुणाचा हेवा नाही,
आणि शेवटी पागुमे,
पाच दिवसांचा, चौथ्या वर्षी सहा,
झबलं बेतून उरलेल्या चिंधीएवढा.
त्यातला पाऊस म्हाताऱ्यासुद्धा मुद्दाम अंगावर घेतात.

माझ्या भाषेत तेरावा महिना
दुष्काळातच येतो, तोही म्हणीतून.
इथे तो दरसाल येतो, ओल्या पायांनी,
आणि जाताना माळावर पिवळी फुलं ठेवून जातो.
म्हण मी तिला सांगितली नाही.

नेब्यातनं बाराचे तेरा केले.
वाटलं, झालं.
मग तिकिम्त महिन्याची तीस तारीख घातली, दुसरा महिना,
आणि प्रोग्रॅमनं, फेब्रुवारी तो केवढासा, असं मनाशी म्हणत
निमूट दोन मार्च करून ठेवली.
लाल ओळ नाही. कुरकुर नाही.
"बोंब मारणारी चूक परवडली," ती म्हणाली,
"ही सोज्वळ नको."
दुपार त्यातच गेली.

संध्याकाळी वर्कनेश आली, नोंदणीवाली,
काखेत तीन जाडजूड वह्या.
अकरा वर्षं ती पागुमेतली पोरं
नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसावर ढकलत आली होती.
"मशीन घेईना. मग काय, बाळाला परत पाठवू?"
वहीत मात्र खरं तेच, निळ्या शाईत:
पागुमे दोन, मुलगी, आईचं नाव झेवडे.
पागुमे पाच, जुळे, रात्रीचे दोन
(म्हणजे आपले आठ;
इथलं घड्याळ सूर्य बुडाला की पुन्हा पहिल्यापासून मोजतं).
पागुमे चार, मुलगा, आणि पुढे काही नाही,
फक्त शाईचा एक डाग.
तिथे वर्कनेश जरा थांबली, मग पान उलटलं.

चारशे सदतीस नोंदी.
एकीनं वाचायचं, एकीनं टाइप करायचं.
कॉफी तीनदा फिरली,
तिसरी पाणचट, आशीर्वादाची.

शेवटी सहाव्या पागुमेची परीक्षा उरली.
"एखादी तारीख सांग, चार वर्षांतून एकदा येणारी."
वर्कनेशनं वहीत पाहिलं नाही.
"पागुमे सहा, एकोणीसशे एकोणसाठ."
एंटर.
लाल ओळ आली नाही.
"कोण हे?"
"मी."

कर्मचाऱ्यांच्या यादीत ती साठ सालातली,
पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवसाची.
एक दिवस सरकला आणि अख्खं वर्ष धाकटी झाली.
नेब्यातची बोटं कीबोर्डवर थबकली. दुरुस्त करू?
वर्कनेशनं वह्या मिटल्या, रबर लावलं.
"पोरांचं कर. माझं असू दे.
एका वर्षाचा पगार आहे त्यात,
निवृत्ती काय, मेली, पळून जात नाही."

नेब्यात हसली, की नाही हसली, दिसलं नाही.
यादीला तिनं हात लावला नाही.
टेस्टच्या फाइलमध्ये तेवढी एक ओळ राहिली,
नाव नसलेली, १९५९-१३-०६.
रोज रात्री दोन वाजता, त्यांच्या आठला,
वॉर्ड झोपलेला असताना
प्रोग्रॅम ती तारीख उघडून बघतो
आणि कुणी विचारलेलं नसताना
म्हणतो, बरोबर.