दोनदा हॉर्न

आमच्या फ्योर्डला रस्ता एकच,
पुढे समुद्र.
म्हणून पाळकबाईंची निळी गाडी
चर्चच्या फाटकातून बाहेर पडली की
खिडक्यांना डोळे फुटतात.

बुडालेल्याची बातमी इथे फोनवर देत नाहीत.
ती पाळकानं दारात उभं राहून सांगायची,
टोपी काढून, नाव पूर्ण घेऊन.

तूरिदबाई ट्रॉम्सोहून नव्या आल्या तेव्हा
ओडबोर्गकडे शिडी मागायला थांबल्या.
तिनं दार उघडलं, हातात रश्श्याचं पातेलं,
म्हणाली, "कोणता? थोरला की धाकटा?"
आणि पातेलं सुटलं.
शिडी मागायची राहिली.
दोघींनी गुडघ्यांवर बसून फरशी पुसली.

तेव्हापासून वळणावर त्या दोनदा हॉर्न वाजवतात.
म्हणजे: कुणी गेलेलं नाही,
मी आपली येतेय,
बाप्तिस्म्याची तारीख ठरवायला,
नाहीतर नुसती कॉफी प्यायला.
हे कुठल्या सेमिनरीत शिकवत नसावेत.

मी घंटा वाजवतो, बर्फ उपसतो.
बत्तीस वर्षांत चार पाळक पाहिले.
एकाच्या उपदेशाला मेणबत्त्याही पेंगायच्या,
पण दारूच्या नशेत कोण कुठे पडलंय
हे त्याला नेमकं ठाऊक असे.
पाळणं मला मेंढ्यांमुळे कळतं:
मोजायचं. एक कमी भरली
की पुन्हा मोजायचं,
अंधार पडला तरी.

सूर्य परतला त्या आठवड्यात
बाई हॉर्न न वाजवता निघाल्या.
शाळा मागे पडली. येन्सनचं घर मागे पडलं.
ओडबोर्गचं मागे पडलं,
तिनं पडदा सोडला, मग श्वास.
गाडी थांबली अगदी शेवटी, हिल्मारकडे,
ज्याचा मुलगा एकोणीस वर्षांपूर्वी
"आलोच" म्हणून होडीत बसला होता.

हिल्मार आधीच पायरीवर.
कोट घातलेला, सगळी बटणं लावलेली.
दोनदा हॉर्न ऐकून खट्टू होणारा
गावात तो एकटाच.

ट्रॉलरच्या जाळ्यात बूट आला होता,
आणि बुटात उरतं ते.
बाईंनी टोपी काढली.
मी फावडं घेऊन लांब, शब्द ऐकू आले नाहीत.
त्यानं त्यांचे दोन्ही हात धरून हलवले,
लग्नघरात हलवतात तसे,
आणि मग सोडेचना.

संध्याकाळपर्यंत बाई आतच.
गाडी बर्फाखाली गेली.
मी काही विचारलं नाही, त्याच म्हणाल्या,
"बटाटे सोलले.
त्याला चष्मा सापडत नव्हता."
मग स्टिअरिंगवर डोकं टेकून
थोडा वेळ बसून राहिल्या.
मी काच साफ करत होतो,
साफ झाल्यावरही करत राहिलो.

दुसऱ्या दिवशी वळणावर
पुन्हा दोनदा हॉर्न.
सगळ्या खिडक्या नेहमीसारख्या हलल्या.
हिल्मारच्या खिडकीत कुणी नव्हतं.
दहा वाजून गेले होते,
अजून झोपला असेल.